छोट्या विमानाची बिजागरी

घराचे दार दिवसातून पन्नास वेळा उघडते आणि मिटते. पण ते ज्यावर फिरते त्या बिजागरीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. दार कुरकुरू लागले, उंबऱ्याला घासू लागले किंवा एका अंगाने खाली उतरले म्हणजेच तिची आठवण होते. सुतार मात्र तिला विसरत नाही. फळी कितीही सुबक असो, वरची आणि खालची बिजागरी एका ओळंब्यात बसली नसेल तर ते दार कधीही निमूटपणे फिरावयाचे नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. बिजागरीचे काम तसे चमत्कारिकच. तिने दोन वस्तूंना घट्ट धरून ठेवायचे आणि त्याच वेळी त्यांतील एकीला मोकळेपणाने फिरू द्यायचे. धरणे आणि सोडणे ही परस्परविरोधी कामे तिला एकाच जागी करावी लागतात.

या भाषणाचा विषय अशीच एक बिजागरी आहे. ती एखाद्या इंचाची असते आणि जमिनीवरून बिनतारी यंत्राने चालविल्या जाणाऱ्या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीत बसविलेली असते. ही प्रतिकृती दुकानातले खेळणे नव्हे. खऱ्या विमानाच्या मापांना ठराविक संख्येने भागून, त्याच प्रमाणात पंख, शेपटी, चाके, रंग आणि खुणा उतरवून ती महिनोन् महिने खपून तयार केली जाते, आणि मग खऱ्या विमानाप्रमाणे आकाशात उडविली जाते. ती बनविणाऱ्याला दोन इमाने राखावी लागतात. एक इमान डोळ्यांशी: विमान हुबेहूब दिसले पाहिजे. दुसरे इमान वाऱ्याशी: विमान उडाले पाहिजे आणि सुखरूप खाली आले पाहिजे. या दोन्ही इमानांची एकदम परीक्षा होते अशी जागा विमानात फार थोडी. त्यांत बिजागरीचा क्रम पहिला लागतो.

विमानाला वळविणारे भाग मुख्यतः तीन. पंखांच्या मागच्या कडेला, टोकांकडे, दोन झडपा असतात. त्यांना एलेरॉन म्हणतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘छोटा पंख’ असा आहे. एका बाजूची झडप वर गेली की दुसऱ्या बाजूची खाली जाते आणि विमान एका कुशीवर कलते. शेपटीच्या आडव्या पंखाला जोडलेली झडप म्हणजे एलेव्हेटर. तिच्यामुळे विमानाचे नाक वर किंवा खाली होते. शेपटीच्या उभ्या पंखाला जोडलेले फिरते फळकूट म्हणजे रडर. होडीच्या सुकाणूप्रमाणे ते नाक डावीउजवीकडे वळविते. हे तीनही भाग बिजागऱ्यांवर फिरतात. वैमानिकाची सारी इच्छा अखेरीस या बिजागऱ्यांतून वाऱ्यापर्यंत पोहोचते.

विमानाचा पंख मात्र आरंभापासून असा नव्हता. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी अमेरिकेत जे पहिले उड्डाण केले, त्या विमानाच्या पंखांना एलेरॉन नव्हते. ओले धोतर पिळावे त्याप्रमाणे दोऱ्या ओढून पंखच किंचित पिळला जाई, आणि त्यामुळे विमान कलत असे. फिरत्या झडपांची कल्पना त्याहीपूर्वीची. मॅथ्यू बोल्टन या इंग्रज गृहस्थांनी १८६८ मध्येच तिचे एकस्व घेतले होते. पण तेव्हा उडणारे विमानच नसल्यामुळे ती कागदावर राहिली. पुढे १९०८ मध्ये, टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या मंडळीने आपल्या विमानांना अशा झडपा बसविल्या, आणि काही वर्षांतच पंख पिळण्याची पद्धत मागे पडली. पंख जसजसे वजन पेलण्यासाठी ताठ होऊ लागले, तसतसे ते पिळणे अशक्य होऊ लागले. ताठ पंखाला वळण देण्यासाठी त्याचा एक तुकडा मोकळा करणे भाग पडले, आणि तुकडा मोकळा झाला तेथे बिजागरी आली.

प्रतिकृतींचा इतिहासही असाच पायरीपायरीने पुढे गेला आहे. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या अमेरिकन बंधूंनी १९३७ मध्ये बिनतारी नियंत्रणाने चालणारे ‘गफ’ नावाचे छोटे विमान उडविले. आज ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रही आहे. त्या काळच्या अशा विमानांत बहुधा रडर तेवढे हलत असे, आणि तेही पिळलेल्या रबराच्या ताकदीने. हिसक्यासरशी ते एका बाजूला जाई आणि हिसक्यासरशी परत येई. पुढे हात जेवढा हलेल तेवढीच झडप हलावी अशी व्यवस्था आली. आता जवळजवळ प्रत्येक झडपेमागे सर्व्हो नावाची काड्यापेटीएवढी किंवा थोडी मोठी मोटार असते. बोटाच्या अर्ध्या पेराइतकी हालचाल ती इमानाने झडपेपर्यंत नेते. यंत्र असे नेमके झाले तेव्हा बिजागरीकडून होणारी अपेक्षाही वाढली. ढिल्या बिजागरीचा दोष पूर्वी हिसक्यात लपून जात असे. आता तो लपत नाही.

विषय समजण्यासाठी एक प्रत्यक्ष विमान डोळ्यांसमोर ठेवणे बरे. इंग्लंडचे स्पिटफायर हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. आर. जे. मिचेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची रचना झाली आणि ५ मार्च १९३६ रोजी त्याने प्रथम उड्डाण केले. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर जर्मन विमानांच्या धाडी पडल्या तेव्हा हरिकेन या विमानाबरोबर त्याने झुंज दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत आणि त्यानंतरही भारतीय वायुसेनेने ते वापरले. त्याच्या लंबवर्तुळाकार पंखांमुळे प्रतिकृती बनविणाऱ्यांचे ते आजही फार आवडते आहे. या विमानाच्या एलेरॉनची कथा मोठी बोधप्रद आहे. सुरुवातीला ते कापडाने मढविलेले असत. वेग फार वाढला म्हणजे वाऱ्याच्या दाबाने ते कापड फुगे आणि झडप हलविणे वैमानिकाच्या मनगटाला अतिशय जड जाई. युद्धात वळण्यास उशीर म्हणजे मृत्यूशी गाठ. म्हणून १९४१ मध्ये कापडाऐवजी धातूच्या पातळ पत्र्याने मढविलेले एलेरॉन आले आणि हात हलका झाला. प्रतिकृती बनविणाऱ्याने म्हणूनच आधी ठरवावे लागते की आपले विमान कोणत्या साली उडत होते. १९४० चे विमान करावयाचे तर एलेरॉनवर कापड दिसले पाहिजे आणि त्याखालच्या फासळ्यांच्या रेषा हलक्या उमटल्या पाहिजेत.

आता मापांकडे वळू. स्पिटफायरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची लांबी ३६ फूट १० इंच, आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २४२ चौरस फूट. एक षष्ठांश प्रमाणात प्रतिकृती केली तर लांबी सहाने भागली जाऊन ती सहा फूट पावणेदोन इंच होते. पण क्षेत्रफळ छत्तीसने भागले जाऊन पावणेसात चौरस फूटही भरत नाही. वस्तू लहान करताना तिचे सगळे गुण एकाच प्रमाणात लहान होत नाहीत, हा निसर्गाचा नियम येथे पावलोपावली आडवा येतो. खऱ्या विमानात पंख आणि झडप यांच्यामध्ये समजा सहा मिलिमीटरांची फट असेल, तर प्रतिकृतीत ती एक मिलिमीटर असावयास हवी. हाताने कापलेल्या लाकडात, चारपाच फूट अंतरावर ठेवलेल्या दोन झडपांना, सर्वत्र एकच मिलिमीटर फट राखणे हे किती कठीण काम आहे हे सुतारकाम केलेला मनुष्य तत्काळ ओळखील. आणि फट मोठी राहिली तर नुसते रूपच बिघडत नाही. पंखाखालची दाबलेली हवा त्या फटीतून वर निसटते आणि झडपेचा जोर कमी होतो. विमान हाताला मंद लागते.

साध्या हौशी विमानात ही अडचण सोप्या रीतीने टाळतात. झडपेची पुढची कड दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करतात आणि बिजागरी जाडीच्या बरोबर मध्यावर बसवितात. झडप वरखाली मोकळी फिरते आणि काम भागते. परंतु हुबेहूब प्रतिकृतीत ही सोय चालत नाही, कारण खऱ्या विमानात झडपेची पुढची कड गोलसर असते आणि ती पंखाच्या मागच्या कडेतील पन्हळीसारख्या खोलगट भागात शिरलेली असते. झडप फिरली तरी फट उघडी पडत नाही. जुन्या वाड्यांच्या दारांची आठवण येथे व्हावी. त्या दारांना लोखंडी बिजागरी नसे. फळीच्याच वरच्या व खालच्या कोपऱ्याला गोल खुंट कोरलेला असे आणि तो खळग्यात फिरे. विमानाची झडपही आपल्याच गोलाईवर फिरल्यासारखी दिसते. भूमितीचा एक साधा नियम येथे कामास येतो. झडप ज्या रेषेभोवती फिरते ती रेषा हाच त्या गोलाईचा मध्य असला पाहिजे. कंपासचे टोक त्या मध्यावर रोवून पुढच्या कडेचा कंस काढावा, आणि त्याच मध्यावरून किंचित मोठ्या त्रिज्येने पन्हळीचा कंस काढावा. म्हणजे झडप कोणत्याही कोनात असली तरी फट सारखीच राहील. मध्य केसभर चुकला तर झडप एका टोकाला घासते आणि दुसऱ्या टोकाला दात विचकल्यासारखी फट दिसते.

स्पिटफायरच्या एलेरॉनमध्ये आणखी एक खुबी होती. ब्रिस्टल कंपनीतील अभियंते लेस्ली फ्रीझ यांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. विमान उजवीकडे कलविताना डावी झडप खाली जाते. त्या बाजूला उचल वाढते, पण वाऱ्याचा विरोधही वाढतो, आणि विमानाचे नाक उजवीकडे जाण्याऐवजी डावीकडे ओढले जाते. फ्रीझ यांनी फिरण्याची रेषा झडपेच्या कडेपासून मागे आणि खालच्या अंगाला नेली. त्यामुळे जी झडप वर जाते तिची पुढची कड पंखाखाली थोडीशी डोकावते आणि त्याही बाजूला विरोध निर्माण करते. दोन्ही बाजूंचा तोल पुष्कळसा सावरतो, आणि वैमानिकाच्या हातावरचा भारही हलका होतो. प्रतिकृतीत बिजागरी मध्यावर न बसविता खालच्या अंगाला, एका लहान बाहूवर बसवावी लागते ती यासाठी. सोय म्हणून ती मध्यावर घेतली तर विमान उडेल; पण झडप वर जाताना जी एक विशिष्ट हालचाल जाणकाराच्या डोळ्यांना अपेक्षित असते, ती दिसणार नाही.

बिजागऱ्यांचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाची आपली जागा आहे. सर्वांत जुना प्रकार सुईदोऱ्याचा. मजबूत दोरा एकदा झडपेच्या वरून आणि पंखाच्या खालून, पुन्हा पंखाच्या वरून आणि झडपेच्या खालून, असा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा ओवतात. हलक्या विमानांना ही शिवण आजही पुरते. दुसरा प्रकार पातळ प्लॅस्टिकच्या लवत्या पट्टीचा. तिच्या दोन्ही बाजूंना कापडासारखी लव असते; ती चिरेत सरकवून वर अतिशय पातळ, झटपट धरणाऱ्या चिकटद्रव्याचे थेंब सोडले की ते लवेतून आतपर्यंत झिरपते. तिसरा प्रकार नायलॉनच्या दोन पानांचा, मध्ये धातूची बारीक खीळ असलेला. घरातल्या बिजागरीचेच हे बाळरूप. चौथा प्रकार गोल काडीचा. काडीच्या मध्यभागी सांधा असतो, आणि दोन्ही बाजूंना गोल भोके पाडून काडीची टोके त्यांत बसवितात. गोलसर कड आणि पन्हळ असलेल्या झडपांना हा प्रकार विशेष सोयीचा, कारण काडी आत खोल ढकलून सांधा बरोबर हव्या त्या रेषेवर आणता येतो. मोठ्या प्रतिकृतींत फायबरग्लासचे किंवा प्लायवुडचे छोटे बाहू करून, त्यांच्या भोकांतून एकच लांब पोलादी तार पंखाच्या टोकाकडून ओवतात. तार ओढून काढली की झडप मोकळी होते. रंग देणे आणि दुरुस्ती करणे सोपे जाते. कोणता प्रकार घ्यावा हे विमानाचे वजन, वेग आणि झडपेची जाडी यांवर ठरते. बाजारात जे महाग मिळते तेच उत्तम, असा येथे नियम नाही.

प्रकार कोणताही असो, काही गोष्टी सर्वांना सारख्या लागू आहेत. पहिली गोष्ट सरळ रेषेची. एका झडपेला तीन किंवा अधिक बिजागऱ्या असतात, आणि त्या साऱ्यांचे सांधे एकाच सरळ रेषेत आले पाहिजेत. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते. तिसरा बिंदू मात्र तिच्यावर मुद्दाम आणावा लागतो. तो एका मिलिमीटराने जरी वर राहिला तरी झडप फिरताना आवळते. मग सर्व्होला उगाच जोर करावा लागतो, बॅटरी लवकर उतरते, आणि हात सोडला तरी झडप मध्यावर परत येत नाही. विमान सरळ उडविताना सतत एकीकडे ओढ घेते ते पुष्कळदा यामुळेच. स्पिटफायरच्या पंखाची मागची कड कमानीसारखी असली तरी एलेरॉनची फिरण्याची रेषा सरळच आहे, हे विसरून चालत नाही. कडेची वळणे डोळ्यांना फसवितात. म्हणून सरळ पोलादी तार किंवा ताणलेला दोरा लावूनच खुणा कराव्यात.

दुसरी गोष्ट घाई न करण्याची. चिरा आणि भोके पाडून झाल्यावर सगळ्या बिजागऱ्या प्रथम कोरड्याच बसवाव्यात आणि झडप पूर्ण वरखाली फिरवून पाहावी. ती आपल्याच वजनाने अलगद खाली लोंबली पाहिजे. अडत असेल तर दोष याच वेळी काढता येतो. चिकटविल्यानंतर काढावयाचा म्हणजे लाकूड फोडावे लागते. चिकटविताना सांध्यावर व्हॅसलीनचा एक सूक्ष्म लेप द्यावा, म्हणजे इपॉक्सी तेथे शिरून सांधा गोठवीत नाही. लेप चिकटावयाच्या भागावर मात्र मुळीच लागू नये. चिकटद्रव्य भोकाच्या आतल्या भिंतींना लावावे. काडीलाच फासले तर आत जाताना ते पुसून बाहेरच जमा होते आणि आत कोरडे राहते. वरून नीटनेटके दिसणारे पण आतून कोरडे असे काम हा या कलेतील सर्वांत मोठा धोका आहे. नायलॉनच्या पानांना इपॉक्सी फारसे धरत नाही. म्हणून पानांतील भोकांतून बांबूची बारीक काडी आरपार ठोकून तिला कुलूप घालावे. आणि सर्व वाळल्यावर प्रत्येक बिजागरी हाताने जोरात ओढून पाहावी. महिन्याभराच्या मेहनतीवर असा हिसका मारताना जीव कचरतो. पण निखळावयाची असेल तर ती टेबलावर निखळलेली बरी. दोनशे फुटांवर निखळली तर तिला पुन्हा चिकटविण्यास काही उरत नाही.

बिजागरीइतकेच महत्त्व तिला लागून असलेल्या हॉर्नला आहे. हॉर्न म्हणजे झडपेवरचे छोटे शिंग. सर्व्होकडून येणारी सळई त्यालाच अडकविलेली असते. सळई अडकविण्याचे भोक फिरण्याच्या रेषेच्या बरोबर समोर असले पाहिजे. ते पुढेमागे झाले तर झडप वर जितकी जाते तितकी खाली जात नाही. एलेरॉनच्या बाबतीत झडपेने वर अधिक आणि खाली कमी जावे असे पुष्कळदा मुद्दामच ठेवितात, कारण त्यामुळे नाक उलट ओढले जाण्याचा दोष कमी होतो. पण तो निर्णय जाणून घेतलेला असावा, हलगर्जीपणाने झालेला नसावा. लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीत आणखी एक मोह असतो. खऱ्या विमानात बाहेर कोठे सळई दिसत नाही, म्हणून ती आत लपविण्यासाठी हॉर्न फारच आखूड करतात. आखूड हॉर्नमुळे सांध्यातली जराशी ढिलाई झडपेच्या टोकाशी कितीतरी मोठी होऊन दिसते. रूप राखण्यासाठी ताकद गमवावयाची की ताकद राखण्यासाठी रूप, असा पेच येथे पडतो. अनुभवी कारागीर सळई आत लपवितो, पण हॉर्नची लांबी कमी करीत नाही. त्यासाठी पंखाच्या जाडीतच जागा शोधतो.

ही ढिलाई एवढी भयंकर का, याचे उत्तर विमानविद्येच्या इतिहासात मिळते. १९१६ मध्ये हँडले पेज कंपनीच्या एका मोठ्या बाँबफेकी विमानाची शेपटी हवेत जोरजोराने हेलकावे खाऊ लागली. एफ. डब्ल्यू. लँचेस्टर या अभियंत्यांनी कारण शोधले. डावा आणि उजवा एलेव्हेटर वेगवेगळ्या तारांनी चालविले जात होते. एक वर जाई तेव्हा दुसरा खाली जाई आणि त्यांच्या या ओढाताणीत शेपटी पिळली जाई. दोन्ही एलेव्हेटर एका ताठ नळीने एकमेकांस जोडावेत, हा उपाय त्यांनी सुचविला. या थरथरीला फ्लटर म्हणतात. तिचे मूळ असे: झडपेचे बहुतेक वजन फिरण्याच्या रेषेच्या मागे असते. वाऱ्याच्या एखाद्या झुळुकीने पंख वर उचलला गेला की झडप आपल्या जडपणामुळे मागे राहते, म्हणजे खाली झुकते. खाली झुकलेली झडप पंखाला आणखी वर ढकलते. पंख आपल्या लवचिकपणाने खाली परतू लागला की झडप आता वर राहते आणि त्याला आणखी खाली दाबते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के देत गेले की तो कसा चढत जातो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे धक्के वारा देतो, आणि ते सेकंदाला कित्येक वेळा बसतात. काही क्षणांत बिजागऱ्या उपटून निघतात, किंवा पंखच मोडतो.

प्रतिकृतीत फ्लटर ओळखू येतो तो आवाजाने. झडप भुंग्यासारखी घरघरू लागते. तो आवाज कानी पडताच इंजिन मंद करावे, नाक हलकेच उचलून वेग कमी करावा आणि विमान खाली आणावे; ‘अजून एक फेरी’ हा विचार मनात आणू नये. खाली उतरल्यावर सगळ्या बिजागऱ्या पुन्हा तपासल्याखेरीज ते विमान उडविणे म्हणजे दैवाची परीक्षा पाहणे होय. आजार होऊ नये म्हणून करावयाचे उपायही ठरलेले आहेत. फट अरुंद ठेवावी. हॉर्न, सळई आणि सर्व्हो यांच्यात ढिलाई राहू देऊ नये. दोन्ही एलेव्हेटर ताठ तारेने किंवा नळीने जोडावेत. आणि झडप मागच्या कडेला जितकी हलकी करता येईल तितकी करावी. खऱ्या विमानांत फिरण्याच्या रेषेच्या पुढे शिशासारखे जड वजन ठेवून झडपेचा तोल रेषेवरच आणतात. स्पिटफायरच्या रडरचा वरचा भाग रेषेच्या पुढे आलेला दिसतो. प्रतिकृतीत तो भाग शोभेचा म्हणून पोकळ ठेवण्याऐवजी त्यात थोडे वजन बसविले, तर रूप आणि सुरक्षितता ही दोन्ही इमाने एकाच ठिकाणी राखली जातात.

उड्डाणापूर्वीची तपासणी दोन मिनिटांची असते, आणि ती टाळण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. प्रत्येक झडप बोटांत धरून हलकेच ओढावी. मग यंत्र चालू करून एकेक झडप शेवटपर्यंत फिरवावी आणि कोठे अडते का, घरघरते का, हे ऐकावे. शेवटी दिशा पाहावी: विमानाच्या मागे उभे राहून काठी उजवीकडे नेली की उजवी झडप वर गेलीच पाहिजे. दुरुस्तीनंतर सळई उलटी जोडली गेल्यामुळे पुष्कळ सुंदर विमाने पहिल्याच वळणावर जमिनीत गेली आहेत. पाचसहा किलो वजनाची, पुढे पंखा गरगरणारी वस्तू बंधनातून सुटली तर ती कोणाच्या अंगावर जाईल हे सांगता येत नाही. मैदानाच्या कडेला पाहणारी मुले उभी असतात. त्यांच्या दृष्टीने ते स्पिटफायर असते. त्यांना त्यातल्या बिजागऱ्या दिसत नाहीत. त्या दिसत नाहीत म्हणूनच त्यांची जबाबदारी संपूर्णपणे बनविणाऱ्यावर येते.

लढाऊ विमानाची प्रतिकृती का करावी, असाही प्रश्न कोणी विचारील. आणि तो विचारणे योग्यच आहे. मूळ यंत्र माणसे मारण्यासाठी बनले होते, आणि त्यात बसलेली माणसेही मेली. त्यांतली कित्येक विशीच्या आसपासची होती. त्याचा गौरव करावयाचा म्हणजे युद्धाचा गौरव करावयाचा असे मात्र नाही. ज्यांच्या हातांनी ती विमाने उडण्याजोगी राहिली त्यांचेही स्मरण या छंदात असते. वैमानिकांची नावे ग्रंथांत आली. पण प्रत्येक विमानामागे जमिनीवर काम करणारी माणसे होती. पहाटेच्या थंडीत झडपा हलवून पाहणारी, खिळा तपासणारी, ताराच्या ताणाला बोट लावून पाहणारी ही माणसे. त्यांची नावे फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत. सायंकाळी वैमानिक परत आला तर त्यांचे काम बरोबर झाले होते, एवढीच त्यांची पावती.

छोट्या विमानाची बिजागरी बसविणारा तरुण त्याच कामाचा धडा घेत असतो. बाजारात तयार विमाने मिळतात, रंगविलेली, झडपा जोडलेली. पेटीतून काढावे आणि उडवावे. त्यात आनंद आहे, यात शंका नाही. पण ज्याने स्वतः तारेची सरळ रेषा धरली, भोक पाडले, कोरडे बसवून पाहिले, चिकटविले आणि मग मन घट्ट करून आपल्याच कामाला हिसका दिला, त्याला एक गोष्ट कायमची कळते. जे काम पुढे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी स्वतःच ओढून पाहावे. दुसऱ्या कोणाला ती संधी मिळणार नाही. ही सवय हाताला लागली की ती विमानापुरती राहत नाही.